टॅब आला, पण रजिस्टर गेले नाही
(बारामती-इंदापूरच्या आरोग्यसेविका आणि परिचारिकांच्या बैठकीत केलेले भाषण)



इंदापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी बरीच वर्षे आरोग्यसेविका होते. काम उरकत नसे तेव्हा वाटायचे, आपणच कमी पडतोय. कामाने माणूस आतून थकून जाते, त्याची नोंद २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या वर्गीकरणात केली. पण आजार म्हणून नव्हे, तर नोकरीतल्या न निस्तरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. दोष बाईत नाही, कामाच्या रचनेत आहे.

सपाटीवर ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, हा सरकारी निकष. पण दिवाळीच्या सुमारास भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरचे कारखाने पेटतात आणि बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कोपीतली गरोदर बाई, लसीचे मूल या आकड्यात नसते. तिथे जायचे मात्र आपणच.

२०१६ मध्ये टॅबवरचे 'अनमोल' ॲप आले. कागद कमी होईल, असे सांगितले गेले. माझ्याकडे झाले उलटेच. दिवसा रजिस्टर, रात्री टॅब. रेंजसाठी मी गच्चीवर, आणि घरात मुले जेवायची थांबलेली.

मी यंत्राच्या विरोधात नाही. बीडला नोंदवलेल्या बाईची आधीची तपासणी, हिमोग्लोबिन, मागचे सिझर कोपीच्या दारात पाहता आले, तर माझा वेळ वाचेल, तिचा जीवही वाचेल. असे यंत्र हवेच.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडीताईंनी निकृष्ट मोबाइल सरकारला परत केले. त्यांना मोबाइलचे वावडे नव्हते. चालणारा फोन आणि मराठीतले ॲप एवढेच त्यांचे मागणे होते.

आपणही मागू या. टॅबवर भरलेले पुन्हा वहीत नको. नोंदीचा वेळ ड्यूटीत धरा. रात्री ग्रुपवर हुकूम नकोत. आणि ज्या संगणकात आमच्या लसी मोजता, त्यातच आमचे जादा तास आणि रिकाम्या जागाही मोजा. वॉर्डातल्या सिस्टरांचीही मागणी याहून वेगळी नाही.

सुरुवात आजच करू. आठवडाभर प्रत्येकीने माहिती भरण्यात गेलेले तास साध्या वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या. निवेदन त्यावरूनच लिहू.