गावचा पोलीस पाटील



विहिरीत प्रेत तरंगताना दिसलं, की खेड्यातली माणसं आधी पोलीस पाटलाच्या घराकडे धावतात. तालुक्याचं ठाणं लांब असतं आणि पाटील चार घरांपलीकडे. तो येतो, गर्दी मागे सारतो, कुणाला कशाला हात लावू देत नाही. ठाण्याला वर्दी देतो आणि पोलीस येईपर्यंत तिथून हलत नाही. त्याच्या अंगावर गणवेश नसतो, कमरेला हत्यार नसतं. तरीही तो कायद्यानं नेमलेला गावचा पोलीस आहे. आज त्याच्याविषयीच बोलणार आहे.

गावच्या बंदोबस्ताची ही रीत इंग्रजांच्याही आधीची. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात ही व्यवस्था बारकाईनं नोंदलेली आहे. गावात चोरी झाली की जबाबदारी पाटलाची. प्रत्यक्ष शोध घ्यायचा तो जागल्यानं. हा जागल्या कुठे रामोशी, कुठे भिल्ल, कुठे महार. रात्री राखण करायची, परक्या माणसावर नजर ठेवायची आणि चोरी झालीच, तर पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचं. माग शेजारच्या गावात शिरला, तर तिथल्या जागल्याची खात्री पटवून पावलाचं माप त्याच्या हवाली करायचं. तिथून पुढचा शोध त्याचा. माग हरवला, तर भरपाई द्यायची, आणि जागल्याला ती पेलली नाही तर उरलेली रक्कम गावावर पडायची. धुळीतल्या ठशावरून माणूस ओळखणारी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेली होती.

पण या व्यवस्थेत मान पाटलाचा होता आणि पायपीट दुसऱ्यांची. पाटलाला इनाम जमीन, लग्नकार्यात पहिला मान. महाराला तुटपुंजं वतन, आणि त्याच्या बदल्यात हाक येईल तेव्हा, दिवस असो की रात्र, सरकारचं आणि गावाचं काम. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचं विधेयक मांडलं, ते या जाचाविरुद्धच. रामोशांची कहाणी वेगळी. पुरंदरच्या आसपासची राखण हा त्यांचा हक्क. तो गेला, पोटापाण्याचं साधन गेलं, आणि त्या असंतोषातून उमाजी नाईक बंड करून उभे राहिले. १८३२ साली पुण्यात त्यांना फाशी झाली. ग्रामपोलिसांचा इतिहास सांगताना पाटलाच्या वाड्याइतकीच ही माणसं आठवली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

१८६७ साली इंग्रजांनी मुंबई इलाख्यासाठी ग्रामपोलीस कायदा केला. काम मात्र वतनदार घराण्यांकडेच राहिलं. स्वातंत्र्यानंतर वतनं गेली. महसुलाचं काम पाहणाऱ्या मुलकी पाटलांचं पद १९६२ च्या कायद्यानं रद्द झालं, आणि १९६७ मध्ये महाराष्ट्राचा स्वतःचा ग्रामपोलीस अधिनियम आला. पाटीलकी जन्मानं मिळायची, ती आता नेमणुकीनं मिळू लागली. या एका बदलाचं मोल फार मोठं आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांना चावडीची पायरी चढता येत नव्हती, त्या घरातली माणसं आज गावचे पोलीस पाटील आहेत.

या कायद्यातली कर्तव्यं वाचली, तर एक गोष्ट लक्षात येते. गावातल्या गुन्ह्यांची खबर वर कळवणं हे काम आहेच. पण त्याच्याच जोडीला गावाचं आरोग्य आणि सर्वसाधारण परिस्थितीही कळवायची आहे. म्हणजे साथ पसरली, पूर आला, दोन वस्त्यांमध्ये तेढ वाढली, तर ते पोलीस पाटलानं आधी हेरायचं. संशयास्पद मृत्यू झाला, तर पंच बोलवायचे. उत्सवाची मिरवणूक कोणत्या गल्लीत अडेल, बांधावरून कोणत्या भावांची कुऱ्हाड निघेल, हे ठाण्यातल्या फौजदाराला कागदावरून कळत नाही. पाटलाला ते ठाऊक असतं. त्यानं वेळेवर दोघांना समोरासमोर बसवलं, की गुन्हा घडतच नाही, आणि न घडलेल्या गुन्ह्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेलाही याच ओळखीचा आधार होता.

ही ओळख कधी जिवावरही बेतते. गडचिरोलीत खबऱ्या ठरवून नक्षलवाद्यांनी पोलीस पाटलांच्या हत्या केल्या आहेत. इतर जिल्ह्यांत अवैध दारू किंवा वाळूउपशाची खबर द्यायची, आणि त्याच माणसांच्या शेजारी राहायचं. ठाण्यातल्या पोलिसाची बदली होते. पाटलाचं घर, शेत, मुलांची शाळा सगळं गावातच. अशा माणसाचं मानधन आधी महिना साडेसहा हजार रुपये होतं. मार्च २०२४ मध्ये ते पंधरा हजार करण्याचा निर्णय झाला. तो फार आधी व्हायला हवा होता. पदं रिकामी राहिल्यानं एकाच पाटलाकडे शेजारच्या गावांचाही भार येतो, तेही थांबायला हवं.

पद रिकामं झालं, की प्रांताधिकारी जाहीरनामा काढतात. उमेदवार त्याच गावचा रहिवासी, दहावी पास आणि पंचवीस ते पंचेचाळीस वयाचा असावा लागतो. स्त्रियांसाठी आरक्षण आहे. घरात मारहाण सोसणारी बाई पुरुष पाटलापुढे तोंड उघडत नाही, ती बाईजवळ बोलते. तेव्हा तुमच्या चावडीवर असा जाहीरनामा लागला, तर घरातल्या शिकलेल्या सुनेला, लेकीला अर्ज भरायला जरूर सांगा.