आधी भूमी, मग घरकुल

यवतमाळ जिल्ह्यात गावकुसाबाहेर पारध्यांचे बेडे आजही दिसतात. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजावर मारलेला शिक्का १९५२ साली पुसला गेला. पायाखालची भूमी मात्र अनेकांना मिळाली नाही. शासनाच्या घरकुल योजना आहेत. परंतु ज्याच्या नावे जागाच नाही, त्याचे घरकुल उभे राहणार कोठे? घरकुलास पात्र भूमिहीनाला जागा खरेदीसाठी साहाय्य देणारी, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना २०१५ मध्ये आली. तिच्यासाठीही कागदपत्रे लागतात. पालात जन्मलेल्याने ती आणावीत कोठून? गावातील चार सुशिक्षितांनी एका बेड्याचे दाखले पूर्ण करून देण्याचे व्रत घेतले, तर ती खरी पायाभरणी ठरेल.