विजेची गळती आणि वर्गातले गणित



आपल्यापैकी कितीतरी घरे ट्रकच्या चाकांवर चालतात. कोणी चालक, कोणी मालक, कोणी फिटर, कोणी वायरमन. म्हणून आज गॅरेजमधलाच एक प्रश्न घेतो. जुना डिझेल ट्रक रात्री धडधाकट उभा केला आणि सकाळी सेल्फ फिरेना, तर दोष कुठे शोधावा? पुष्कळदा झटपट उत्तर मिळते, "बॅटरी बदला." नवी बॅटरी येते आणि चार दिवसांत तीही उतरते. पैसा जातो, भाडे चुकते, दोष मात्र जागच्या जागी राहतो.

संशयित तीन असतात. बॅटरी वीज धरून ठेवत नाही, अल्टरनेटर ती भरत नाही, किंवा गाडी उभी असताना वीज कुठेतरी गळते. जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. एकदा सुरू झाले की ते फारशा विजेवाचून चालते, त्यामुळे दोष दिवसभर लपून राहतो.

२४ व्होल्टच्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात. पूर्ण भरून काही तास विसावलेली प्रत्येक बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असता जोडीवर २८ च्या आसपास आकडा यावा. हे आकडे बरोबर असतील आणि बॅटऱ्या सोडून रात्रभर ठेवल्या असता टिकत असतील, तर गळती आहे असे समजावे.

आता ती मोजायची. बोटातली अंगठी काढा, बिडी-सिगारेट दूर ठेवा, कारण बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन निघतो. सर्व स्विच बंद करून अर्थची तार सोडा आणि तार व बॅटरी यांच्यामध्ये १० अँपिअरपर्यंतचा मीटर लावा. मीटर असा लावलेला असताना सेल्फ कधीही मारू नये. आकडा शून्याच्या जवळ हवा. समजा, २ अँपिअर आला. ट्रक ४८ तास उभा राहिला तर ९६ अँपिअर-तास गेले. बॅटरी १२० ची असेल, तर उरले काय?

यानंतर फ्यूज एकेक करून काढावा. ज्या फ्यूजने आकडा पडेल, त्या वाटेवर चोर आहे. एकाही फ्यूजने फरक पडला नाही, तर अल्टरनेटरकडे वळावे, कारण त्याची जाड तार बहुधा फ्यूजमधून जात नाही. बॅटरी सोडून ती तार अलग करावी, तिचे टोक झाकावे आणि पुन्हा मोजावे. आकडा पडला तर आतला डायोड गेला आहे. टेपसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतले असतील तर तेही पाहावे. त्याने एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरीला अजीर्ण होते.

मित्रांनो, यात वर्गाबाहेरचे काय आहे? एकसर जोडणी, विद्युतधारा, गुणाकार, वजाबाकी! ज्या ओमचा नियम आपण पाठ करतो, त्या गेऑर्ग ओम यांनी तो १८२७ साली प्रसिद्ध केला, त्याआधी ते जर्मनीतील कोलोन येथे शाळामास्तर होते. त्यांचे वडील कुलपे बनविणारे कारागीर. त्या बापाने स्वतः अभ्यास करून मुलांना गणित शिकविले. हुनर आणि इल्म एकाच घरात नांदू शकतात, याचा याहून चांगला दाखला कोणता?

पालकांना माझी विनंती आहे. उस्तादाच्या हातची आणि कानाची विद्या मोठीच आहे, मुलाला तिच्याकडे जरूर पाठवा. पण त्याला आठवीतून काढून पाठवू नका. आय.टी.आय.मध्ये मेकॅनिक डिझेलला प्रवेश हवा तर दहावी उत्तीर्ण व्हावे लागते. अंदाजाने बॅटरी बदलणारा गरीब चालकाचा खिसा रिकामा करतो. मोजून दोष काढणारा त्याची रोजी वाचवतो. आपली मुले दुसऱ्या प्रकारची व्हावीत, एवढीच दुआ.