आवाजाची वेसण



आजच्या विषयाची पाटी दाराशी लागली तेव्हा एका गृहस्थांनी आम्हांला विचारले, “तुम्ही गॅरेज कधी काढलेत?” त्यांचेही चुकले नाही. काँप्रेसर म्हटला की मुंबई-गोवा रस्त्यावरचा पंक्चरवाला आणि त्याची धडधडणारी हवेची टाकीच डोळ्यांपुढे येते. आम्ही ज्या काँप्रेसरविषयी बोलणार आहोत तो हवा दाबीत नाही, आवाज दाबतो. आणि तोही जुन्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हांच्या साह्याने. अशी एक पेटी आम्ही तिघा मित्रांनी आमच्या कासूला बांधली, चालवली, आणि तिच्यापायी एकदा चांगलेच पस्तावलो. ती हकीकत आपणांपुढे ठेवावयाची आहे.

आवाज दाबायचा कशाला, हा पहिला प्रश्न. माणसाच्या कानाची झेप मोठी आहे. कुजबुज सुमारे ३० डेसिबेलची, तर जवळून मारलेली आरोळी ८० च्याही वर. दर १० डेसिबेलला शक्ती दहापट होते, म्हणजे या दोहोंत एक लाख पटींचे अंतर पडले. कान हे सारे सोसतो; यंत्राला ते पेलत नाही. हळू आवाज यंत्राच्या खरखरीत बुडतो आणि मोठा आवाज फाटतो. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्या काळी जगभरच्या केंद्रांतून एक माणूस बटणावर हात ठेवून बसे. गायक चढला की बटण मागे, उतरला की पुढे. प्रक्षेपकाला मर्यादेबाहेर आवाज दिला तर ध्वनी फाटतो आणि शेजारच्या केंद्रांच्या हद्दीतही घाण पसरते, म्हणून हा पहारा. पण माणसाचा हात नेहमी आवाजाच्या मागूनच धावणार. ते काम व्हॉल्व्हांवर सोपवण्याचे उद्योग सुरू झाले, आणि १९३७ साली अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे ११०-ए हे यंत्र केंद्रांच्या सेवेस आले.

आमच्या भगिनींना हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. चुलीवर दूध उतू जाऊ लागले की त्या लाकूड मागे ओढतात, खाली बसले की पुन्हा सारतात. लाकूड किती चपळाईने ओढले आणि किती सावकाश परत सारले, यावर दुधाचे भवितव्य. काँप्रेसरची सारी विद्या एवढीच आहे. फरक इतकाच की येथे ओढणे सेकंदाच्या शंभराव्या भागात व्हावे लागते.

आता व्हॉल्व्हकडे वळू. निर्वात काचेच्या नळीत एक तापलेला कॅथोड, त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन, पलीकडे त्यांना ओढून घेणारी प्लेट आणि वाटेत तारेची एक जाळी. जाळीवर ऋण दाब वाढवला की वाट अडते. साध्या व्हॉल्व्हमध्ये ती पुरी बंद होते. पण एका जातीच्या व्हॉल्व्हमध्ये जाळीचे वेढे मुद्दाम कुठे दाट, कुठे विरळ घातलेले असतात. त्यामुळे ऋण दाब वाढला तर वाट एकदम न मिटता हळूहळू अरुंद होते, म्हणजेच व्हॉल्व्हची आवाज वाढवण्याची ताकद हळूहळू कमी होते. मग बाहेर पडणाऱ्या आवाजाचाच थोडा अंश घ्यावा, त्याचा एकदिश दाब करावा आणि तो या जाळीवर परत आणून सोडावा. आवाज स्वतःच स्वतःची वेसण ओढतो.

ही करामत आपणांपैकी पुष्कळांच्या घरी होती. जुन्या रेडिओवर तो हिरवा डोळा आठवतो? स्टेशन नीट लागले की त्यातली काळी पाकळी मिटत जाई. जवळचे केंद्र कानठळ्या बसवू नये आणि दूरचे केंद्र अगदी विरून जाऊ नये, यासाठी रेडिओत हीच वेसण असे, आणि तिच्या दाबावर तो डोळा मिटे. आमची पेटी आम्ही अशाच मोडीत निघालेल्या रेडिओंच्या सामानातून आणि लॅमिंग्टन रोडवर पायपीट करून उभी केली. ६बीए६ जातीचे दोन व्हॉल्व्ह समोरासमोर, दोन ट्रान्सफॉर्मर, दाब एकदिश करणारा एक डायोड व्हॉल्व्ह, आणि काट्याच्या जागी तोच हिरवा डोळा. ज्याला या विद्येतला ऐरावत म्हणतात तो फेअरचाइल्ड ६७० राइन नार्मा या एस्टोनियात जन्मलेल्या अभियंत्याने १९५९ साली बांधला. त्यात वीस व्हॉल्व्ह आहेत आणि वजन तीस किलोच्या घरात. आमची पेटी त्यामानाने शेळी. पण शेळीलाही चारा-पाणी वेळेवर लागते.

पहिली गोष्ट, पेटी चालू करून अर्धा तास तिच्याकडे बघूही नये. व्हॉल्व्ह तापून स्थिर व्हावे लागतात. आमच्याकडे संध्याकाळी विजेचा दाब २३० वरून १९० व्होल्टवर येई. मग तापवणाऱ्या तारेला ६.३ ऐवजी जेमतेम ५.२ व्होल्ट मिळत आणि सारी मापे सरकत. स्टॅबिलायझर घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यात आमचा मुलूख खारेपाटाचा. पावसाळ्यात व्हॉल्व्हच्या पायांवर गंज चढतो आणि जुने कागदी कंडेन्सर गळू लागतात. ते आधी बदलावे. आणि एक सांगून ठेवतो, कोणा हौशी तरुणाने ऐकून उद्याच पेटी उघडू नये: आत २५० व्होल्टांचा एकदिश दाब असतो, वायर काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतो. तो उतरवूनच हात घालावा, आणि तोही एकच; दुसरा खिशात.

दोन व्हॉल्व्ह समोरासमोर का? वेसण ओढली की व्हॉल्व्हचा प्रवाह एकदम घटतो आणि त्याचाच एक ‘धप्प’ आवाज उमटतो. दोन्हींत सारखा धक्का बसला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये तो एकमेकांस मारतो. म्हणून गाणे बंद ठेवून नुसता वेसणीचा दाब द्यावा-काढावा, कानाला हेडफोन लावावा, आणि तोलाचा स्क्रू तो ‘धप्प’ नाहीसा होईपर्यंत फिरवावा. मग गाणाऱ्याला त्याच्या सर्वांत चढ्या सुरात गावयास सांगावे. साध्या गाण्याला तीन-चार डेसिबेल, चढ्या सुराला सात-आठ डेसिबेल वेसण बसेल इतकाच आवाज आत सोडावा. शेवटी जेवढा आवाज घटला तेवढा बाहेरच्या बटणाने भरून काढावा. आणि पेटी चांगली की वाईट हे ठरवताना दोन्ही आवाज सारख्या उंचीवर आणून ऐकावे. मोठे ते गोड वाटते, या भ्रमाने भलेभले फसले आहेत.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि आमचा घात तेथेच झाला.

आगरी लग्नांत धवलारीण ही पुरोहिताच्या मानाची. विधी कोणताही असो, तिचे धवले म्हटल्यावाचून पुरा होत नाही. ती ओळ सोडते, मागून बायका ती उचलतात. आता हळदीला मोठमोठे स्पीकर येतात, आणि तिच्या आवाजाला मांडवात जागा उरत नाही. कासूच्या बाजूला एक वृद्ध धवलारीण होत्या. त्यांचे धवले टिपून ठेवावे म्हणून २००९ सालच्या मार्गशीर्षात आम्ही त्यांच्या पडवीत पेटी मांडली. एकटीचा थकलेला आवाज आणि मागून सात-आठ बायकांचा गजर. काँप्रेसरला याहून योग्य काम कोणते?

वेसण सुटण्याचा वेळ कंडेन्सर आणि रोधक यांच्या गुणाकाराने ठरतो. आम्ही २ मायक्रोफॅरड आणि ५ मेगओहम लावले होते, म्हणजे दहा सेकंद. दहा सेकंदांनीदेखील दाब तिसऱ्या हिश्श्याच्या थोडा वरच उरतो. पुस्तकात वाचले होते की सावकाश सुटलेली वेसण कानाला जाणवत नाही. खरेच जाणवत नव्हती. आजी गात होत्या, हिरवा डोळा शहाण्यासारखा उघडमीट करीत होता. आणि तेवढ्यात कासू स्टेशनाकडून मालगाडीच्या इंजिनाने लांबलचक भोंगा दिला.

डोळा पुरता मिटला. भोंगा संपला, आजी थांबल्या नव्हत्या. पण पेटी अजून भोंग्यालाच दाबत होती. पुढचे अर्धे मिनिट त्यांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा आला. टेप पुन्हा ऐकवली तेव्हा त्या म्हणाल्या, “माजा गाना मदीच बुरला कसा?”

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही वेळ दहा सेकंदांवरून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यावर आणला. भोंग्याचा बंदोबस्त झाला, पण नवेच दुखणे उभे राहिले. आजी श्वास घ्यायला थांबल्या की वेसण झटक्यात सुटे, आणि रातकिडे व हमरस्त्यावरचे ट्रक भसकन वर येत. त्या गाऊ लागल्या की सारे खाली. सारी पडवीच दम्याने धापा टाकते आहे असे वाटे. तिसऱ्या दिवशी मधला मार्ग काढला: एक लहान कंडेन्सर चटकन सुटणारा आणि एक मोठा सावकाश सुटणारा. एखाद्या क्षणाच्या ठोक्याने लहानच भरतो, सतत चढलेल्या गाण्याने मोठाही भरतो. फेअरचाइल्डच्या शेवटच्या दोन खुणांवर हीच युक्ती आहे. लांब भोंग्याला मात्र याही युक्तीचे औषध नाही. मालगाडीला वेळापत्रक नसते, म्हणून रुळांच्या बाजूला एक मुलगा बॅटरी देऊन बसवला. त्याने उजेड दाखवला की गाणे थांबवायचे. सगळ्या पेटीत हा मुलगाच सर्वांत भरवशाचा भाग ठरला.

त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण उत्तम झाले. पण पहिल्या रात्री भोंग्याखाली जो धवला बुडाला होता, तो आई नसलेल्या नवरीला हळद लावताना म्हणायचा. पुन्हा म्हणा, अशी आम्ही विनवणी केली. आजींनी मान हलवली. तो अवेळी म्हणू नये. पहिल्या दिवशी ओघात तोंडून गेला तो गेला. पुढच्या आषाढात त्या वारल्या.

चूक आमची होती, आणि ती पेटी बिघडल्याने झालेली नव्हती. पेटी सांगितले तेच करीत होती. मूळ आवाज आधी जसाच्या तसा टिपून घ्यावा आणि वेसण मागाहून, घरी बसून घालावी, एवढी अक्कल तेव्हा असती तर आज काही गमावले नसते. आम्ही पेटीतून निघालेलाच आवाज टिपला. मूळ कुठेच राहिला नाही.

पुष्कळ वर्षांनी आमच्यापैकी एकाला सुचले की वेसण सुटण्याचा वेळ तर आपल्याला ठाऊक आहे. मग पेटीने कोणत्या क्षणी आवाज किती दाबला होता, हेही हिशेबाने काढता येईल. पेटी अजून आमच्याकडे होती. तिला तेवढाच लांब भोंगा ऐकवून दर सेकंदाचे माप घेतले, आणि संगणकावर त्याच्या नेमका उलट उतार आखून त्या अर्ध्या मिनिटावर चढवला. भोंग्यानंतर लगेच पंधरा डेसिबेल वाढ, मग उतरत उतरत शून्य. आवाजाबरोबर खरखरही वर आली, पण आजी विहिरीतून बाहेर आल्या. शब्द लागले.

दोन शब्द मात्र लागले नाहीत. ते भोंग्याच्या मागून नव्हे, भोंग्याच्या खालीच आहेत, आणि तेथे कोणताही हिशेब चालत नाही. त्या रात्री मागून ओळ उचलणाऱ्या बायकांना आम्ही विचारले. एक म्हणते ते आईचे नाव घेण्याची जागा आहे, दुसरी म्हणते नाही, तेथे मावशीला हाक आहे. दोघी एकाच पडवीत बसल्या होत्या.

तो तुकडा आम्ही आज बरोबर आणला आहे. अध्यक्षांची परवानगी असेल तर आता ऐकवतो. सभेत पेण, नागोठणे, रोहा या बाजूच्या भगिनी आहेत. कोणाच्या आईने, आजीने हा धवला म्हटलेला आठवत असेल तर मागाहून व्यासपीठाशी यावे. कागद-पेन्सिल आम्ही घेऊनच बसलो आहोत.