ऑफिसातल्या चित्राला तडे का गेले?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या गणेशोत्सवात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



निसर्गचित्रावर दहा मिनिटं बोला, असं सेक्रेटरीसाहेब म्हणाले तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी काही मोठा चित्रकार नाही. नोकरी सांभाळून रविवारी रंगवणारा माणूस. पण एक गोष्ट सांगायची राहून गेली होती, म्हणून उभा राहिलो.

आपल्या ऑफिसात नोटीस बोर्डाच्या वर येऊरच्या डोंगराचं तैलचित्र आहे, ते माझं. पाचव्या वर्धापनदिनी मी ते सोसायटीला भेट दिलं. आज त्याला तडे गेलेत. वरच्या मजल्यावरच्या गळतीमुळे गेले, असं ठरलं आणि मागच्या वार्षिक सभेत त्या शेजाऱ्यांना बोलणी खावी लागली. मी तिथेच बसलो होतो आणि गप्प राहिलो. आज कबूल करतो, दोष गळतीचा नाही, माझा आहे.

तैलरंग पाण्याच्या रंगासारखे वाळत नाहीत. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत हळूहळू घट्ट होतं. म्हणून जुना नियम असा की, खालचा थर टर्पेंटाइन घालून पातळ, कमी तेलाचा ठेवायचा आणि वर चढत जाल तसं तेल वाढवायचं. मी नेमकं उलटं केलं. खाली भरपूर तेल घालून जाड रंग थापला आणि वर्धापनदिन जवळ आला म्हणून तो ओला असतानाच वर पातळ रंग फिरवला. वरचा थर लवकर कडक झाला, खालचा आत हलतच राहिला. मग वरच्याला तडे जाणारच. घाई केली की चित्र लगेच बोलत नाही, काही वर्षांनी बोलतं!

दुसरी चूक आपल्या वॉचमनकाकांनी पहिल्याच दिवशी पकडली होती. म्हणाले, “साहेब, डोंगर गेटापाशी आल्यासारखा वाटतो.” मला राग आला होता. पण त्यांचंच खरं होतं. ट्यूबमधला हिरवा रंग मी जवळच्या झाडांना लावला, तोच डोंगरालाही. मधे जी हवा असते ती लांबचा रंग फिका आणि निळसर करते, गडद सावल्याही उजळ करते. आता मी हिरवा ट्यूबमधून घेत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि पिवळी माती यांतून करतो, फार भडक झाला तर चिमूटभर तांबूस घालतो. लांब जाल तसा पांढरा आणि निळा वाढवतो.

मग सुधारणा कशी झाली? एकच डोंगर पुन्हा पुन्हा रंगवून. इंग्लंडचा कॉन्स्टेबल 1821-22 मध्ये हॅम्पस्टेडला नुसतं आभाळ रंगवत असे आणि कागदामागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवी. आपल्याकडे कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे. मध्ये शिकून परत गावी गेले आणि गावाभोवतालचं पाणी, झाडं रंगवत राहिले. विषय शोधायला लांब जायला लागत नाही.

मी गच्चीवर 8 बाय 10 इंचाचा हार्डबोर्ड घेऊन बसतो. पाऊण तासात थांबतो, कारण तोवर सावल्या सरकलेल्या असतात. सुरुवातीला डोळे किलकिले करून फक्त पाहतो. पानं दिसेनाशी होतात, उजेड आणि अंधाराचे चार-पाच मोठे तुकडे उरतात. आधी तेवढेच मोठ्या ब्रशने लावायचे. ते चुकले तर पुढे कितीही पानं काढा, चित्र उभं राहत नाही. जमलं नाही की पॅलेट नाईफने खरवडून टाकतो. आधी वाईट वाटायचं, आता नाही वाटत. बोर्ड कोरा झाला तरी पाहिलेलं डोळ्यांत राहतं.

आता समोर टॉवर उभा राहिलाय. डोंगराचा डावा अर्धा भाग गच्चीवरून दिसत नाही. तो अर्धा भाग आपल्या इमारतीत फक्त त्या तडे गेलेल्या चित्रात शिल्लक आहे.

म्हणून दोन विनंत्या. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची मी सर्वांसमोर माफी मागतो. सभेच्या इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. आणि रंगकाम झाल्यावर चित्र पुन्हा तिथेच लावावं, तड्यांसकट. शेजारी मी या वर्षीचा एक लहान बोर्ड देईन, पूर्ण वाळल्यावरच! मुलांनी दोन्ही पाहावीत आणि रविवारी सकाळी गच्चीवर यावं. ब्रश माझ्याकडे आहेत.

गणपती बाप्पा मोरया!