गोळी मनानं सुरू नको, मनानं बंद नको

(युवक शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला होता 'झोपेच्या गोळ्या आणि तरुण'. मी त्यात मिरगीच्या गोळ्या जोडून घेतल्या, कारण औषधशास्त्रात ही दोन घरं शेजारी आहेत आणि काही औषधं तर दोन्ही घरांत राहतात. मी तुमसरला मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही. कोणाला कोणती गोळी लागेल हे मी सांगणार नाही. गोळी शरीरात जाऊन काय करते आणि आपण तिच्याशी कसं वागतो, एवढंच बोलणार आहे.

पवनीजवळचं गोसेखुर्द धरण तुम्ही पाहिलं असेल. वैनगंगेवर ३३ दरवाजे. आपल्या मेंदूतल्या पेशींवरही असे बारीक दरवाजे असतात. 'गाबा' नावाचं रसायन मेंदू स्वतःच तयार करतो. ते दरवाजाला लागलं की दरवाजा उघडतो, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी शांत होते. हा मेंदूचा ब्रेक. मिरगीचा झटका म्हणजे असंख्य पेशींनी एकाच वेळी बेताल विजेचे संदेश सोडणं.

डायझेपाम, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम ही एका कुळातली औषधं. त्यांच्यामुळे गाबाच्या हुकमाला जोर येतो आणि दरवाजा जास्त वेळा उघडतो. त्याआधीचं कूळ बार्बिट्युरेटचं. ते दरवाजा जास्त वेळ उघडा धरतात, आणि मात्रा फार झाली तर हुकमाशिवायही उघडतात. म्हणून त्यांच्या जादा डोसनं श्वास थांबून माणूस जातो. दारूही याच दरवाजावर काम करते. त्यामुळे दारू आणि झोपेची गोळी एकत्र घेणारा आपल्या श्वासाशी खेळत असतो.

फिनोबार्बिटोन ही गोळी याच जुन्या कुळातली. १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान नावाच्या तरुण डॉक्टरनं ती रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून दिली आणि त्यांचे झटकेच कमी झाले. शंभर वर्षं उलटून गेली, तरी स्वस्त म्हणून ती आजही वापरात आहे. पुढे १९३८ मध्ये फेनिटॉइन आलं. ते आणि कार्बामाझेपिन सोडियमच्या दरवाजांवर काम करतात, म्हणून झोप न आणताही झटका रोखू शकतात. म्हणजे मिरगीची प्रत्येक गोळी 'नशेची गोळी' नसते. हे घरी जाऊन नक्की सांगा, कारण या एका गैरसमजापायी कित्येक जण उपचार सोडतात.

आता मुख्य मुद्दा. दरवाजावर रोज बाहेरून जोर पडत राहिला की मेंदू जुळवून घेतो आणि स्वतःचा ब्रेक ढिला करतो. काही आठवड्यांत कालची मात्रा पुरेनाशी होते. मग एखाद्या दिवशी गोळी अचानक बंद केली, तर ढिला ब्रेक तसाच राहतो आणि गाडी सुसाट सुटते. झोप उडते, हात थरथरतात, आणि आयुष्यात कधी मिरगी नसलेल्या माणसालाही झटका येऊ शकतो. ज्या गोळीनं झटका थांबतो, तीच अचानक सोडली की झटका येतो. मालेगावकडे जिला 'कुत्ता गोळी' म्हणतात, ती बहुतेक अल्प्राझोलामच. पोरं ती गंमत म्हणून सुरू करतात. सोडवायची असेल तर कोंडून ठेवून सुटत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी लागते. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे बोलता येतं.

यांतली अल्प्राझोलाम आणि डायझेपाम ही औषधं 'शेड्यूल एच-वन'मध्ये येतात. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि वेगळ्या नोंदवहीत डॉक्टर, रुग्ण, औषध, किती दिलं हे लिहायचं. ती वही तीन वर्षं जपायची. "आजीसाठी दोनच द्या" म्हणणारा मुलगा परत गेला की मला शिव्या देतो. देऊ दे.

आता मिरगीकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना मिरगी आहे आणि नीट उपचार मिळाले तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. मग आपल्याकडे का जगत नाहीत? मला काउंटरच्या या बाजूनं तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण, 'असर'. झटका आला की ताबीज, झाडफूक, मिरच्यांची धुरी. इब्न सीनानं हजार वर्षांपूर्वी 'अल-कानून'मध्ये मिरगीची चर्चा मेंदूच्या आजारांत केली. त्याचं नाव अभिमानानं घेणारे आपण पोराला बाबाकडे नेतो! भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीनं बांधणं, धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. हा कायदा बाबा कोणत्या धर्माचा आहे ते विचारत नाही. दुआ जरूर करा, पण गोळी चुकवू नका.

दुसरं कारण, रमजान. सेहरी ते इफ्तार आपल्याकडे ऋतूनुसार साधारण १२ ते १५ तास. शरीरातलं औषध निम्म्यावर यायला किती वेळ लागतो, त्यावर सगळं अवलंबून. फिनोबार्बिटोनला तीन-चार दिवस लागतात, लेव्हेटिरासिटामला सहा ते आठ तासच. दुपारची गोळी असलेला माणूस ती गाळतो आणि महिना निभेल असं समजतो. त्यात सेहरीसाठी तुटलेली झोप, आणि अपुरी झोप हे झटक्याचं एक मोठं कारण. म्हणून रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा : वेळा बदलता येतील का, दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायची गोळी चालेल का? ते नाही म्हणाले तर रोजा नको. आजाऱ्याला सवलत कुरआननंच दिली आहे. ती घेण्यात लाज कसली?

तिसरं कारण, निकाह. एक अम्मी दुकानात येऊन म्हणाल्या, "भाईजान, आता गोळ्या नकोत. मुलीचं जमलंय. सासरी डबी दिसली तर?" त्या घरात पुढे काय झालं ते सांगणार नाही, ती त्या मुलीची गोष्ट आहे. पण लपवण्यासाठी गोळी बंद करणं म्हणजे नव्या घरात, चुलीपाशी किंवा विहिरीपाशी झटक्याला बोलावणं. शिवाय लग्न ठरतं तेव्हाच डॉक्टरांशी बोलायची खरी गरज असते. व्हॅल्प्रोएटमुळे पोटातल्या बाळात व्यंग येण्याचा आणि त्याच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होण्याचा धोका मोठा आहे. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी करतात. यावर पर्याय आहेत, पण दिवस जाण्याआधी विचारलं तर.

मिरगी हे लग्न मोडायचं कारण नाही. विशेष विवाह कायदा आणि हिंदू विवाह कायद्यातून मिरगीचा उल्लेख १९९९ मध्ये काढला गेला. मुस्लिम विवाह विच्छेद कायदा १९३९ चा, त्याच्या कारणांत मिरगी कधी नव्हतीच. आणि "आजार लपवला" म्हणून एका दमात तीनदा तलाक म्हणणं तर २०१९ पासून गुन्हाच आहे. ज्या जबानी तलाकविरुद्ध १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम महिलांनी मुंबईत मोर्चा काढला, तो आजाराच्या आडूनही परत येता कामा नये. पण आधी सांगून टाका. लपवलेला आजार उघडा पडतो तेव्हा बोल मुलीलाच लागतो. आणि मुलांनो, आजार मुलात असला तरी हेच. तेव्हा मात्र घरच्यांना लपवणं चालतं, हे आपण सगळे जाणतो.

समोर झटका आला तर काय करायचं? कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ पाहा. कांदा, चप्पल, चमचा काही नको. तोंडात बोट, पाणी तर नकोच. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन. दवाखान्यात अशा वेळी देतात ती औषधं आपल्या पहिल्या कुळातलीच, मिडाझोलाम किंवा लोराझेपाम. मिडाझोलामचा नाकात मारायचा फवाराही मिळतो. घरी ठेवावा का, ते डॉक्टरांना विचारा. आणि आपला जिल्हा तलावांचा. झटके येणाऱ्यानं पोहायला, मासे धरायला एकट्यानं जाऊ नये. कमरेएवढं पाणीही पुरतं.

तुमच्याकडून एकच मागणं आहे. आपल्या मोहल्ल्यात कोणाकडे मिरगीची गोळी सुरू आहे, हे तुम्हाला बहुधा माहीत असतं. त्याच्याकडे महिन्याची गोळी संपत आली का, एवढं विचारत जा. रोवणीच्या दिवसांत तालुक्याला जायला सवड नसते, भाड्याला पैसे नसतात, आणि गोळी तिथेच तुटते. मोटरसायकल तुमच्याकडे आहे. दवाखान्यात नेऊन आणा. चळवळ म्हणजे तीच.