घरांतली बिनतारी पेटी

बिनतारी हा शब्द मराठी घरांत शिरला तो रेडिओच्या संचाबरोबर. १९२७ सालीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. त्यानंतर पुष्कळ वर्षें ज्या घरीं संच असे तेथें तारेची किंवा जाळीची एरियल ताणलेली दिसे, आणि संच बाळगण्यासाठीं टपालकचेरींतून परवाना काढावा लागे. तो संच फक्त ऐकत असे; बाहेर कांहीं सांगण्याची सोय त्यांत नव्हती. आज दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत दोन-चार शिंगें उभारून जी लहानशी पेटी बसलेली असते, ती ऐकतेहि आणि बोलतेहि, आणि तिला परवाना लागत नाहीं. ती ज्या लहरींवर चालते त्यांपैकीं सेकंदास सुमारें २४० कोटि आंदोलनांच्या लहरी सरकारनें २००५ सालीं अल्पशक्तीच्या यंत्रांना मोकळ्या केल्या. ५०० कोटींच्या आसपासच्या पट्ट्याला अधिक व्यापक मोकळीक २०१८ सालीं मिळाली. या पेटीचें नांव राउटर. परवाना गेला ही सोय खरी. परंतु तिच्याबरोबर पेटीची जबाबदारी घरच्या माणसांवर आली, हें बहुतेक घरांच्या अद्याप ध्यानांत आलेलें नाहीं. कंपनीचा माणूस येतो, अर्ध्या तासांत पेटी बसवून जातो, आणि तिच्या किल्ल्या कोणापाशीं राहिल्या याची चौकशी कोणी करीत नाहीं.

पेटीचें काम समजण्यास जुन्या वाड्याची आठवण पुरे आहे. वाड्याला पत्ता एकच, आंत बिऱ्हाडें दहा. पत्र वाड्यांत येई, आणि तें कोणत्या बिऱ्हाडाचें हें दाराशीं बसणारा माणूस सांगे. राउटर तेंच करतो. बाहेरच्या जगाला साऱ्या घराचा पत्ता एकच दिसतो. आंतील मोबाइल, संगणक, दूरचित्रवाणी यांना राउटर आपल्यापुरते क्रमांक वांटतो. वर्गांत नवा विद्यार्थी आला म्हणजे हजेरीपटांत त्याला क्रमांक मिळतो, तसाच हा प्रकार. हे क्रमांक बहुधा १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होतात, आणि लक्षावधि घरांत तेच असतात. त्यानें घोटाळा होत नाहीं. चौथीच्या वर्गांतील सातवा आणि पांचवीच्या वर्गांतील सातवा यांची गल्लत कोणता शिक्षक करील?

पेटी ठेवावी कोठें, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. २४० कोटि आंदोलनांची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांब, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित् अधिक. ५०० कोटींची सहा सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटें. आचार्य जगदीशचंद्र बसूंनीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कलकत्त्यास याहूनहि आंखूड लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. तेव्हां भिंतीला या लहरी अगदींच हार जातात असें नाहीं. परंतु प्रत्येक भिंत आपला कर घेते, आणि आंखूड लहरींवर तो कर अधिक बसतो. विटांची पातळ भिंत थोडक्यांत सोडते. लोखंडी सळयांचें काँक्रीट पुष्कळ घेतें. जुन्या वाड्याची हातभर रुंद दगडी भिंत बहुतेक सगळेंच घेते. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्यामागें पेटी ठेवणें म्हणजे गवयाला माजघरांत कोंडून अंगणांत श्रोते बसविण्यासारखें आहे. आणि नेमकें तेंच घडतें. तार दाराजवळून येते म्हणून पेटी चपलांच्या कपाटावर बसते. किंवा ती दिसावयास कुरूप (आणि ती कुरूप आहे यांत वाद नाहीं) म्हणून काचेच्या कपाटांत मूर्तींच्या मागें दडविली जाते. मग आंतल्या खोलींत मुलाचा वर्ग मधेंच थांबतो आणि दोष कंपनीला मिळतो. चार-सहा मीटर अधिक तार घेऊन पेटी घराच्या मध्याजवळ, माणसाच्या उंचीवर, उघडी ठेवली तर महागडी नवी पेटी घेण्याचें बहुधा कारण पडत नाहीं. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्हची भट्टीहि २४५ कोटि आंदोलनांच्या लहरींवरच चालते, म्हणून तिचा शेजार टाळावा.

आतां किल्ल्यांविषयीं. पुष्कळांची समजूत अशी कीं परवलीचा शब्द एकच असतो. वास्तविक ते दोन असतात. एका किल्लीनें दार उघडतें. दुसरीनें कुलूपच बदलतां येतें. पाहुण्यांना सांगतों ती पहिली. दुसरी राउटरच्या स्वतःच्या कारभाराची. पेटीच्या तळाशीं चिकटविलेल्या कागदावर बहुधा दोन्ही छापलेल्या असतात, आणि कित्येक पेट्यांची दुसरी किल्ली कारखान्यांतून आलेली तशीच राहते. याचा परिणाम २०१६ सालीं जगानें पाहिला. 'मिराई' नांवाच्या एका उपद्रवी आज्ञावलीनें लाखों कॅमेरे व राउटर ताब्यांत घेतले. तिच्यापाशीं विलक्षण विद्या कोणतीच नव्हती. कारखान्यांत ठरविलेल्या नांवांच्या व परवलींच्या सुमारें साठ जोड्या तिला पाठ होत्या, आणि ती प्रत्येक दारावर त्या लावून पाहत असे. त्या वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंतील अनेक मोठीं संकेतस्थळें कित्येक तास बंद पडलीं, तीं अशा गोरगरीब पेट्यांच्या फौजेमुळें. त्यांच्या मालकांना त्याचा पत्ताहि नव्हता.

म्हणून पहिलें काम हें. मोबाइल राउटरला जोडावा, तळाच्या कागदावरील आंकडी पत्ता ब्राउझरमध्यें लिहावा, आणि जें पान उघडेल तेथें कारभाराची परवली बदलावी. मग जाळ्याचें नांव ठेवावें. त्यांत आडनांव वा घराचा क्रमांक नसावा, कारण तें नांव शेजारपाजाऱ्यांनाच नव्हे तर रस्त्यानें जाणाऱ्यालाहि दिसतें. कुलुपाचा प्रकार २०१८ चा डब्ल्यूपीए-३ निवडावा. जुनें एखादें यंत्र त्याला तोंड देईना तर २००४ चा डब्ल्यूपीए-२. डब्ल्यूईपी नांवाचें आरंभींचें कुलूप २००१ सालींच फोडलें गेलें आहे. परवली आठ ते त्रेसष्ट अक्षरांची चालते; एकमेकांशीं संबंध नसलेले चार मराठी शब्द, पाटा, जायफळ, टांगा, कोयरी असे, रोमन लिपींत सलग लिहिले तर ते घरच्यांना आठवतात आणि चोराला सुचत नाहींत. अर्थात् हेच चार घेऊं नयेत.

यंत्रें जोडण्यांत फारसें अवघड कांहीं नाहीं. नांव निवडावें, परवली लिहावी, झालें. मात्र स्वस्त दिवे, कॅमेरे व छपाईचीं यंत्रें यांपैकीं बहुतेकांना लांब लहरच कळते; त्यांना आंखूड लहरीचें नांव दिसत नाहीं, आणि घरचीं माणसें तासभर व्यर्थ खटपट करितात. अशीं यंत्रें व पाहुणे यांच्यासाठीं राउटरमध्यें पाहुण्यांचें निराळें जाळें उघडतां येतें. ओसरीवरचा माणूस ओसरीवरच राहतो. दूरचित्रवाणी जागची हलत नाहीं, तिला तारच जोडावी.

पेटी अडून बसली म्हणजे तिचा वीजपुरवठा बंद करून अर्ध्या मिनिटानें सुरू करावा. पाठीमागच्या बारीक भोंकांत टांचणी खुपसण्याचा मोह मात्र टाळावा. तें बटण कांहीं सेकंद दाबून धरलें कीं पेटी सारें विसरते. कंपनीनें भरलेलें खात्याचें नांवहि कित्येकदां जातें, आणि मग कंपनीच्या माणसाची वाट पाहण्यावांचून गति नसते. पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांत आई-वडील दोघेच राहतात, पेटीची मांडणी परगांवीं असलेल्या मुलानें कधींकाळीं केलेली असते, आणि दोन्ही परवली त्याच्या डोक्यांत असतात. डॉक्टरांशीं पडद्यावर भेट ठरलेल्या दिवशींच जाळें बंद पडलें तर त्या मुलाला मध्यरात्रीं उठवावें लागतें. दोन्ही परवली, कंपनीचा ग्राहक-क्रमांक आणि तक्रारीचा दूरध्वनि घरच्या हिशेबाच्या वहींत पहिल्या पानावर लिहावा, आणि ती वही आईला माहीत असावी. कारभाराच्या त्याच पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. दोन-तीन महिन्यांनीं ती उघडून घरांतल्या वस्तूंशीं ताडून पाहावी. जें नांव कोणालाच ओळखतां येत नाहीं तें त्याच दिवशीं काढून टाकावें आणि पहिली परवली बदलावी.